पांढरीचं टेकाड, पालथी नगरी आणि ‘सातवाहनांनंतर ओस पडलेलं गाव’

परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावी इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींचा प्रश्न थोडक्यात असा: गावाबाहेर पांढरीचं मोठं टेकाड आहे. आजोबा सांगायचे की ती पालथी पडलेली नगरी आहे. एका पुस्तिकेत लिहिलंय की तिथे सातवाहनकालीन वसाहत होती आणि तिसऱ्या शतकानंतर ती ओस पडली. आणि एक मित्र म्हणतो, पुरातत्त्ववाल्यांच्या डोक्यात जे असतं तेच त्यांना मातीत सापडतं. विश्वास कुणावर ठेवायचा?

गुरुजी, मित्रापासून सुरुवात करतो, कारण त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. काय शोधायचं हे मनात ठरवल्याशिवाय कुणी खड्डा आखत नाही. कुठे खणायचं, किती खोल जायचं, माती चाळायची की नुसती उपसायची, कुठलं खापर ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, यातला प्रत्येक निर्णय आधीच्या कुठल्या तरी समजुतीवर उभा असतो. पण म्हणून हवं ते सापडतं असं नाही. मातीला रेटून खोटं बोलायला लावता येतं, पण फार दिवस नाही. याची उदाहरणं पुढे येतीलच.

आधी तुमचं टेकाड. काळी रानाची आणि पांढरी वस्तीची, हे तुम्हाला सांगायला नको. पांढर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, पडक्या भिंतींची माती, चुना, हाडं आणि खापरं. घर पडलं की त्याच जागी नवं उभं राहतं आणि जमीन वीतभर वर येते. शे-दोनशे पिढ्यांत तिचं टेकाड होतं. ही माती रानात टाकली की पीक जोमात येतं. पूर्वी माळवदावरही हीच घालायचे. म्हणून आपल्याकडची बहुतेक टेकाडं बैलगाडीने, नंतर ट्रॉलीने आणि आता जेसीबीने खाल्लेली आहेत. माती नेहमी वरून आणि कडेने नेली जाते, म्हणजे सगळ्यात आधी जातात ते अलीकडचे थर. सातवाहनांचे खाली सुरक्षित राहतात आणि वाकाटक-राष्ट्रकूटांचे कधीच कुणाच्या तरी रानात पसरलेले असतात. ‘ओस पडलं’ या वाक्याकडे आपण येणार आहोत, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

आता टेकाडाच्या कापलेल्या कडेसमोर उभं राहून बघू. सकाळच्या तिरप्या उन्हात, थोडं पाणी शिंपडून करणीने कड तासली की थर उमटतात. राखाडी पट्टा, त्याखाली बोटभर जाडीची पिवळसर, घट्ट, चोपलेली जमीन, मग विटांचे तुकडे, मग पुन्हा राख. या आडव्या ओळींमध्ये एखादी ओळ मध्येच तुटते आणि तिथे घड्याच्या आकाराचा डाग दिसतो. तोंड अरुंद, पोट मोठं, आतली माती मऊ, मोकळी आणि आजूबाजूपेक्षा काळसर. ते पेव असतं. वरच्या कुठल्या तरी काळात कुणी ज्वारी साठवायला ते खणलं आणि ते खालचे चार-पाच थर चिरत गेलं. पुढे वापर संपला आणि ते कचऱ्याने भरलं. आता समजा, त्या पेवाच्या तळाशी निजामाचं नाणं पडलंय आणि त्याला टेकून बाहेरच्या थरात सातवाहनांचं शिशाचं नाणं आहे. दोन्हींची खोली एकच. पेवाची कड न दिसलेला माणूस लिहील की दोन्ही एकाच थरात मिळाली. कड दिसलेला माणूस त्यांच्यात दीड हजार वर्षांहून जास्त अंतर ठेवील.

म्हणून खोलीच्या मापावर नव्हे, तर थराच्या कडेवर सगळं अवलंबून असतं. ही शिस्त आपल्याकडे प्रामुख्याने मॉर्टिमर व्हीलर यांनी रुजवली. १९४४ ते १९४८ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. चौकोन आखायचे, मध्ये मातीच्या भिंती सोडायच्या आणि त्या भिंतींवर थर वाचायचे. त्याआधी, १९३७ साली, हैदराबाद संस्थानाने पैठणला खोदकाम केलं होतं. त्या पिढीची खोदकामं वस्तू आणि वास्तू शोधण्यासाठी होती. मणी, मूर्ती, नाणी मिळाली, पण कुठली वस्तू कशाच्या वर होती आणि कशाच्या खाली, हा आजचा पहिला प्रश्न तेव्हा पहिला नव्हता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचा प्रश्नच वेगळा होता. मात्र उत्खनन एकदाच होतं. पुस्तकाचं पान वाचता वाचता फाडून टाकावं, तसं ते काम आहे. टिपण नसेल तर नंतर कितीही हुशार माणूस आला तरी ते पान परत मिळत नाही.

व्हीलरांनी शिस्तीबरोबर आणखी एक गोष्ट दिली. ती म्हणजे रोमचा चष्मा. १९४५ साली त्यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला खोदकाम केलं. तिथे भूमध्य समुद्राकडून आलेली खापरं मिळाली आणि त्यांच्या आधाराने स्थानिक खापरांचे काळ लावता आले. ते काम मोठंच होतं. पण पुढची दोन-तीन दशकं दख्खनमध्ये जो तो रोम शोधू लागला. धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर बघा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असं लिहिलंय. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड भडोचला जायचं, असंही त्यात आहे. तगर म्हणजे तेर, हे जुन्या शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली दाखवलं. त्याआधी लोकांनी तगर देवगिरीपासून जुन्नरपर्यंत कुठे कुठे नेऊन ठेवलं होतं. प्रत्यक्षात तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. म्हणजे मजकूर आणि जमीन पूर्ण जुळत नाहीत, तरी नाव, जागा आणि अवशेष मिळून ओळख पक्की होते. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला संग्रह आज सरकारी संग्रहालयात आहे. मुलांना घेऊन एकदा जाच.

त्या संग्रहात आणि तेर-भोकरदनच्या अहवालांत दोन साच्यांतून काढलेल्या मातीच्या बाहुल्या आहेत, रोमन नाण्यांची नक्कल असलेले मातीचे लटकन आहेत आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशीच एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली. ते गाव इसवी सन ७९ साली ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, त्यामुळे ती मूर्ती त्याआधी तिथे पोचली होती हे नक्की. भोकरदनला १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केलेल्या उत्खननात तिच्या जातीची मूर्ती मिळाली, तेव्हा पाँपेईची मूर्ती मराठवाड्यातूनच गेली असं काही अभ्यासकांना वाटू लागलं. इतरांचा कल वायव्येकडे आहे, कारण त्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी ही तिकडची लिपी. मला यात निकालाची घाई नाही. मला खटकतं ते वेगळंच. भोकरदनचं महत्त्व सांगताना आपण आधी इटली सांगतो. भोगवर्धनच्या, म्हणजे जुन्या भोकरदनच्या, लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिल्याचे लेख तिथल्या दगडांवर आहेत, ते आपल्याला नंतर आठवतं.

रोमच्या चष्म्याची खरी गंमत खापरांत झाली. पश्चिम भारतात जिथे जिथे जाड, परदेशी वाटणाऱ्या रांजणाचे तुकडे मिळाले, तिथे तिथे ‘रोमन मद्यकुंभ’ अशी चिठ्ठी लागली. पुढे खापरांच्या अभ्यासक रोबर्टा टोंबर यांनी संग्रहालयांतले आणि विद्यापीठांतले हे तुकडे पुन्हा हातात घेतले. त्यांतले बरेचसे मुळी रोमन नव्हतेच. ते इराण-इराककडचे, बुडाला निमुळते होत गेलेले रांजण होते. आतून डांबराचा लेप. त्या डांबराचं रासायनिक पृथक्करण करून ते कुठल्या भागातलं हे सांगता येतं. म्हणजे ज्याला आपण रोमचा व्यापार म्हणत होतो, त्यातला एक वाटा इराणच्या आखाताचा निघाला आणि तो रोमनंतरही कित्येक शतकं चालू होता.

तुमच्या मित्राला हे जरूर सांगा. खणणाऱ्यांच्या डोक्यात रोम होता आणि त्यांना रोम सापडलाही. पण त्यांनी तुकडे जपून ठेवले होते, प्रत्येकावर जागा आणि थर लिहिला होता, म्हणून पन्नास वर्षांनी त्याच तुकड्यांनी त्यांचं म्हणणं खोडलं. डोक्यातलं सापडतं ही अर्धी गोष्ट झाली. जपलेला पुरावा डोक्यातलं काढून टाकतो, ही उरलेली अर्धी.

वास्तूंच्या बाबतीतही हेच. तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं आणि मागून गोलाकार, म्हणजे गजपृष्ठाकार आहे. हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं सभागृह, ठरवलं, कारण असा आराखडा लेण्यांतल्या चैत्यगृहांत दिसतो. तेरला विटांचा स्तूपही नंतर उजेडात आला. पण गजपृष्ठाकार देवळं हिंदूंचीही होती, नागार्जुनकोंड्याला ती उत्खननातच मिळाली आहेत. तेव्हा नुसत्या आराखड्यावरून धर्म ठरवायचा की नाही, हा पद्धतीचा प्रश्न आहे, श्रद्धेचा नाही. जाता जाता, दिसेल त्या दगडी देवळाला ‘हेमाडपंती’ म्हणण्याची सवयही याच जातीची. हेमाद्री तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री, आणि मराठवाड्यातली कित्येक देवळं त्याच्या आधीची आहेत.

आता तुमच्या पुस्तिकेतल्या वाक्याकडे. ‘तिसऱ्या शतकानंतर वसाहत ओस पडली.’ हे वाक्य मराठवाड्यातल्या किती टेकाडांच्या माथी मारलंय, त्याला गणती नाही. त्यामागे एक भक्कम सिद्धांतही आहे. इतिहासकार रामशरण शर्मा यांनी १९८७ साली देशभरातल्या उत्खननांचे अहवाल मांडून म्हटलं की सातवाहन-कुषाणांनंतर आणि मग गुप्तांनंतर शहरं खालावली, व्यापार आटला आणि गावं स्वतःपुरती झाली. मांडणी दमदार होती आणि तिने दोन पिढ्यांना विचार करायला लावलं. पण अहवालांत ‘पुरावा नाही’ असं का लिहिलेलं असतं, हे बघावं लागतं.

थराचा काळ ठरवायला पूर्वी मुख्य आधार नाण्यांचा असायचा. सातवाहनांची नाणी मुबलक, तांब्याची, शिशाची, पोटीन या मिश्रधातूची, घरोघरी पडलेली. वाकाटकांची म्हणून ठामपणे सांगता येतील अशी नाणी जवळजवळ नाहीतच. त्यामुळे पाचव्या शतकातल्या थरात नाणं मिळत नाही. मग त्या थरातली खापरं कुठल्या काळची हे ठरत नाही, आणि ती ओळखीची नसली की पुढच्या उत्खननातही कुणी ओळखत नाही. शेवटी थर एक तर खालच्याला चिकटवला जातो किंवा ‘मध्ययुगीन’ म्हणून वर ढकलला जातो, आणि मधली चार-पाचशे वर्षं रिकामी होतात. त्यात वरचे थर ट्रॉलीने नेलेले असतात हे आपण पाहिलंच. शिवाय वस्ती हलत असते. जुनी पांढर सोडून लोक शेजारी सरकतात आणि आजचं गाव नेमकं त्या सरकलेल्या जागेवर बसलेलं असतं. पैठणला, तेरला राहत्या घरांखाली कोण खणणार? आपण मोकळ्या टोकाला खणतो आणि तिथे जे नाही ते गावातच नव्हतं असं लिहितो.

याच काळात अजिंठा खोदलं जात होतं, हे मात्र विसरलं जातं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक हरिषेणाच्या राज्यात, वराहदेव या त्याच्या मंत्र्याने सोळावं लेणं दान दिलं. तसा लेख तिथेच आहे. पाथरवट, चित्रकार, चुनेवाले, त्यांचं धान्य, तेल, रंग, लोखंडी छिन्न्या, सगळं कुठून येत होतं? मग वेरूळ, आणि आठव्या शतकात राष्ट्रकूटांचं कैलास. मुलूख ओस असता तर हे कुणाच्या जिवावर उभं राहिलं असतं? मोठी शहरं लहान झाली असतील, काही खरोखर उठलीही असतील, ते मी नाकारत नाही. पण शहर आखडणं आणि मुलूख ओस पडणं यांत फार अंतर आहे.

पैठणला १९९६ ते १९९९ दरम्यान डेरेक केनेट आणि वरप्रसाद राव यांनी खोदकाम केलं, तेव्हा मुळात प्रश्नच हा होता की प्राचीन शहराचं पुढे मध्ययुगाच्या सुरुवातीला काय होतं. रोम नाही, राजधानीचं वैभव नाही, नेमका हा मधला काळ. तिथे विटांच्या देवळांचे अवशेष मिळाले आणि खापरांचा क्रम बारकाईने लावण्यावर भर दिला गेला. सविस्तर अहवाल २०२० साली आला, म्हणजे खणल्यावर वीस वर्षांनी. आपल्या धंद्यात हे नवल नाही. खणणं हा कामाचा लहान भाग, उरलेलं सगळं खापरांच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसणं असतं.

सालांबद्दलही सावध राहा. ‘सातवाहनकाळ’ म्हणजे नेमका कधी, यावर अजून वाद आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. म्हणजे कोणी कोणाला हरवलं हे नक्की. पण कधी? नहपानाच्या काळातल्या लेखांत ४६ पर्यंत वर्षं येतात. ती शक संवताची धरली तर इसवी सन १२४ येतं. त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांची धरली तर सगळं चाळीस-पन्नास वर्षं मागे सरकतं. त्याबरोबर पैठण, तेर, भोकरदनचे थरही सरकतात, कारण ते याच नाण्यांवर टांगलेले आहेत. मग कुणीतरी त्याच थरांच्या आधारे नाण्यांचा काळ पक्का करतं. हे स्वतःच्याच खांद्यावर चढून बसणं झालं.

कार्बन-१४ने हा गुंता सुटेल असं विद्यार्थ्यांना वाटतं. काही ठिकाणी सुटतो. पण साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात दुरुस्तीचा आलेख, म्हणजे कार्बनचं मोजमाप खऱ्या सालांत बदलणारा आलेख, जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे त्यातला कुठलाही नमुना दोन-तीनशे वर्षांच्या पट्ट्यात पसरतो. आणि आपल्या भागात नेमका हाच मधला टप्पा अडचणीचा आहे. पैठणजवळच्या आपेगावला १९७६ साली डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याबरोबर दगडाची हत्यारंही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची, वस्ती खणली. ते शेतकरी गेल्यावर आणि शहरं वसण्याआधी गोदाकाठी कोण होतं, याचं उत्तर त्या सपाट आलेखात अडकलंय.

सिद्धांत कसा शिरतो याचं माझं आवडतं उदाहरण मात्र मराठवाड्याबाहेरचं आहे, पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावचं. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं, एक खोल खड्डा न घेता आडवं पसरून खणलं. त्यामुळे घरंच्या घरं उघडी झाली. इथे प्रश्न ‘हे लोक कोण?’ असा नव्हता, ‘हे लोक जगत कसे होते?’ असा होता. जगभर तेव्हा हेच वारं होतं. हवामान, अन्न, लोकसंख्या यांतून समाज समजून घ्यायचा. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसल्या. तिथे खणणारे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी त्याचं कारण पाऊस घटणं हे सांगितलं. शेती बुडाली, लोक गुरांमागे भटकू लागले. पुढे प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी हवामानाचे पुरावे आणि लहान मुलांचे सांगाडे पुन्हा तपासून दुष्काळाच्या या कथेलाच प्रश्न विचारला. हे उत्खनन चालू असतानाच महाराष्ट्राने १९७२चा दुष्काळ पाहिला. त्या पिढीला दुष्काळाचं कारण लवकर पटलं, यात मला काही नवल वाटत नाही. आपणही मराठवाड्याचेच, आपल्यालाही ते लवकर पटतं. म्हणूनच ते दोनदा तपासायला हवं.

साध्या चाळणीचंही तसंच. माती नुसती उपसली तर बैलाचं हाड हाती येतं. बारीक चाळली आणि पाण्यात सोडून वर तरंगलेलं गोळा केलं तर जळकं धान्य आणि माशाचा काटाही मिळतो. आपली ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती गोदाकाठी कधी रुजली हे राजांच्या याद्यांतून कळणार नाही. ते चाळणीतून कळेल.

राहिली आजोबांची पालथी नगरी. तिला हसू नका. कापलेल्या कडेत पालथी पडलेली मडकी आणि उलट्या विटा लोक पिढ्यान्‌पिढ्या बघत आले. त्यावर त्यांनी लावलेला तो अर्थ असावा, असा माझा अंदाज आहे. निरीक्षण खरं आहे, स्पष्टीकरण तपासायचं आहे. पुस्तिकेतल्या वाक्यालाही मी याहून जास्त मान देणार नाही.

तुमच्यापुरतं आता काय करता येईल? खणू नका, मुलांनाही खणू देऊ नका. पृष्ठभागावरची खापरं गोळा करून शाळेत आणून ठेवू नका, जागेवरून उचललं की त्याचा निम्मा अर्थ गेला. टेकाडाभोवतीच्या काळ्या रानात एखादं खापर दिसलं तर तेवढ्यावरून तिथे वस्ती होती असंही समजू नका. ते पांढरीच्या मातीबरोबर खत म्हणून आलेलं असू शकतं. शिवाय काळी उन्हाळ्यात फाटते, भेगांतून वस्तू खाली जातात आणि पावसाळ्यात माती फुगून सगळं हलतं. नाणं किंवा मूर्ती निघाली तर तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८च्या निखात निधी कायद्यात दहा रुपयांहून जास्त किमतीची जमिनीत सापडलेली वस्तू कळवणं बंधनकारक आहे. सोबत राज्य पुरातत्त्व विभागाच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयालाही पत्र द्या.

आणि जेसीबीने ताजी कड कापली की त्याच आठवड्यात तिचे फोटो काढा, पावसाने ती धुऊन जायच्या आत. उन्ह तिरपं असताना, समोरून, डावीकडून उजवीकडे सरकत. प्रत्येक फोटोत माप कळेल अशी पट्टी ठेवा. मग मुलांना वर्गात त्या फोटोवर पेवांच्या कडा पेन्सिलने आखायला लावा. दोन मुलांच्या कडा जुळल्या नाहीत तर खोडू नका, दोन्ही तशाच ठेवा आणि कुणाला काय दिसलं ते शेजारी लिहून घ्या.